मोकाशीचे तीनशे

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात या वर्षी अभिजित मोकाशीचा फोटो आलाय. अख्खं पान दिलंय. हेल्मेट काखेत, दात बाहेर, आणि खाली जाड अक्षरांत ‘खिलाडूवृत्तीचा आदर्श’. मी चहा पीत होतो. ते वाचलं आणि कप खाली ठेवला. लिहिणाऱ्या पोरीला दोष देत नाही, ती त्या दिवशी तिथं नव्हती. मी होतो. गाडीच्या पुढ्यात उभा होतो. मी चौथीपर्यंत शिकलो, बोटीवरचा खलाशी म्हणून हॅम्बर्गला उतरलो आणि इथल्या बंदरात क्रेनवाल्याला खालून हाताच्या खुणा करायचं काम म्हातारा होईपर्यंत केलं. लेखक नव्हे. पण डोळे शाबूत आहेत, आणि चार लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून माझं मत बदलत नाही.

मोकाशी आमच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा पुण्याचा, इथं विमानांच्या कारखान्यात इंजिनीअर. पन्नाशीला टेकला होता, पण अंगानं कॉलेजातल्या पोरासारखा सडसडीत. इस्त्रीचा शर्ट, दाढी रोज. हसला की समोरच्यालाही हसू फुटायचं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मीसुद्धा हसलोय. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्याला उशीर असा कधी होत नसे. पण तो येई तो सगळ्यांच्या शेवटी. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनवर मी त्याला कितीदा पाहिलाय. गाडी येऊन उभी, माणसं चढतायत, आणि हा जिन्याच्या वरच्या पायरीवर कठड्याला टेकून शांत उभा. दारं मिटायची शिट्टी झाली की तिथून सुटायचा, दोन दोन पायऱ्या टाकत, आणि दारांच्या फटीतून आत घुसायचा. डब्यातली माणसं दचकून बघायची. मग हा इकडंतिकडं बघून हसायचा. एकदा मी विचारलं, “अरे, आधी का नाही चढत?”

“आल्झो, म्हणजे असं बघा, काका,” तो म्हणाला, “आधी चढून काय करायचं? नुसतं बसायचं? आधी आलेला कुणाच्या लक्षात राहत नाही.”

हे त्याचं आवडतं वाक्य. पुढं पुढं मला त्याची शिसारी आली.

एका वर्षी मंडळाचा गणपती आणायचं काम त्यानं अंगावर घेतलं. हॉल भाड्याचा, ठरलेल्या वेळी रिकामा करून द्यायचा, नाहीतर तिथला माणूस येऊन दिवे घालवतो. फुलं मांडून झाली, निरांजनं तयार, पोरं कंटाळून रडायला लागली, आणि मूर्तीचा पत्ता नाही. त्याची बायको मेघना दारात उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याची माफी मागत होती. “येतोच आहे हो. ट्रॅफिकमध्ये अडकलाय. सॉरी हं, काकू.” तिचा चेहरा बघवत नव्हता. मी कापूर आणायला म्हणून बाहेर पडलो, तर कोपऱ्यावर याची गाडी. पुढच्या सीटवर गणपती पट्टा लावून बसलेला आणि हा शेजारी कागदी पेल्यातून कॉफी पितोय.

मी काचेवर टकटक केली. “तिथं सगळे खोळंबलेत. तुझी बायको रडकुंडीला आलीय.”

“काका, पाच मिनिटं,” तो म्हणाला. “जमू द्या ना सगळे. एकदम एंट्री घेऊ. मजा येईल बघा.”

आणि आला. स्पीकरवर ढोल लावून, मूर्ती डोक्यावर घेऊन, मोरया मोरया करत. लोक उठून उभे राहिले, टाळ्या काय, शिट्ट्या काय. सगळ्यांचे फोन वर. मेघनाकडं कुणी पाहिलं नाही. ती भिंतीला लागून उभी होती आणि हातातलं हळदीकुंकवाचं तबक उगाच फिरवत होती. मला त्या दिवशी प्रसाद गोड लागला नाही.

तर असा माणूस हायनरच्या पदरात मी टाकला. तेवढं पुसता येत नाही.

हायनर माझा बंदरातला सोबती. क्रेनची यंत्रं दुरुस्त करायचा. क्रेन अडली की मी खालून हात आडवा करायचा, की हा पाना घेऊन वर चढायचा. बोलणं फार कमी. आमचं अर्धं बोलणं हातानंच व्हायचं आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. इथं शहर लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्यानं देतं, तसे आम्हा दोघांचे शेजारी शेजारी होते. माझ्यात मेथी, कोथिंबीर. त्याच्यात बटाटे. आणि कुंपणापलीकडं रेल्वेची एक जुनी शेड त्यानं भाड्यानं घेतली होती. तिच्यात त्याची गाडी.

गाडी म्हणजे लांबच लांब लोखंडी नळ्यांचा सांगाडा. पुढं सायकलची शोभतील अशी दोन बारीक चाकं, मागं दोन पिंपाएवढी, आणि मध्ये एक माणूस पाय पसरून जवळजवळ आडवा. सरळ चारशे मीटर पळायचं आणि मागची छत्री उघडून थांबायचं. वळण तिला ठाऊक नाही. ती हायनरनं वर्षानुवर्षं खपून स्वतःच्या हातानं बांधली आणि स्वतःच पळवली. कधी पहिल्या फेरीत हरायचा, कधी दुसऱ्या. कप एकदाही मिळाला नाही. मग डॉक्टरांनी त्याच्या छातीत यंत्र बसवलं आणि गाडीत बसायचं कायमचं बंद केलं.

शेडमध्ये कामाच्या टेबलावर त्यानं एक फळी ठोकली होती. छान रंधून, कडा गोल करून, दोन पितळी खुंट्यांवर बसवलेली. ती कपासाठी. तोवर तिच्यावर कॉफीचा पत्र्याचा डबा असायचा. कुणी डब्याकडं पाहिलं की म्हणायचा, “तात्पुरता आहे.”

त्याच्याकडं फार दिवस नव्हते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्याला एकच हवं होतं. त्याच्या गाडीनं एकदा जिंकावं आणि तो डबा फळीवरून खाली यावा. ड्रायव्हर हवा होता. मी म्हटलं, आमच्या जिन्यात एक जण आहे, वेगाचं वेड आहे, इंजिनीअर आहे, लायसन काढेल. मोकाशी आला, गाडीभोवती दोनदा फिरला, नळीवरून हात फिरवला आणि हायनरला म्हणाला, “बसू का?” हायनरनं मान हलवली. आत बसल्यावर त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. हायनर माझ्याकडं बघून हसला. मला वाटलं, चांगलं काम केलं आपण.

आता या शर्यतीचा कायदा सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची घाण कळायची नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. हिरवा दिवा लागला की सुटायचं. पण त्यांच्या वर्गाला वेळ नेमून दिलेली आहे, आठ सेकंद नव्वद. त्याच्या आत पोचलात तर बाद. तेवढा वेळ पाळून जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हायनरला विचारलं होतं, “म्हणजे जास्त पळणाऱ्याला शिक्षा?”

“गेनाऊ,” तो म्हणाला. म्हणजे, अगदी बरोबर. “ताकद काय, सगळ्यांकडेच असते, पांडू. मोजून द्यायला जमलं पाहिजे.”

आता गाडी तर त्या वेळेपेक्षा कितीतरी जोरात जाणारी. मग तिला आवरायची कशी? इंजिनाच्या घशात एक झडप बसवतात. गाडी सुटते, लगेच झडप मिटते, गाडी गुदमरते, खोकत खोकत पुढं सरकते. लावून ठेवलेला क्षण आला की झडप उघडते आणि गाडी पुन्हा उसळी घेते. हायनर ती झडप बेतानं लावायचा, थोडंसं गुदमरणं, मग सरळ जाणं. रेषेवर वेगसुद्धा मोजतात आणि मोठ्या फळ्यावर दाखवतात, पण त्याला कपाच्या हिशेबात काही किंमत नाही. तो नुसता बघ्यांसाठी.

मोकाशीला नेमकं तेच हवं झालं. ताशी तीनशे किलोमीटर. आणि तेही वेळ मोडून नव्हे, आठ नव्वदच्या वेळेतच तीनशे. त्यासाठी इंजिन आणखी तापट करायचं आणि झडप आणखी लांबवायची. आधी गाडीचा गळा जास्त आवळायचा, पुढच्याला लांब जाऊ द्यायचं आणि मग रेषेच्या तोंडाशी त्याच्या कानाजवळून ओरडत निघून जायचं.

“मागून येणाऱ्याला सगळं दिसतं, काका,” तो मला समजवायचा. “पुढच्याला काय दिसतं? रिकामा रस्ता. त्याला फक्त भीती वाटते.”

यात तथ्य होतं, हायनरनंही ते मानलं. मागून येणारा पुढच्याचा अंदाज घेऊन शेवटी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलू शकतो, वेळ मोडू देत नाही. मोकाशीचा हात चांगला होता. पहिल्याच वर्षी तो फेऱ्या जिंकायला लागला. हायनरची काळजीही घ्यायचा. चाक उचलू द्यायचा नाही. शर्यतीच्या जागी त्याची घडीची खुर्ची स्वतः उचलून न्यायचा, ऊन कुठं येईल ते बघून मांडायचा, गुडघ्यावर पांघरूण टाकायचा आणि संध्याकाळी परत मिटून व्हॅनमध्ये ठेवायचा. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही त्यानं. हे सगळं खरं आहे आणि त्यामुळंच मला जास्त किळस येते.

कारण शेडमध्ये हळूहळू कपाचं नाव निघेनासं झालं. दोनशे ऐंशी झाले, दोनशे नव्वद झाले. हायनर म्हणायचा, “आता पुरे. आता जिंकायचं बघ.” हा म्हणायचा, “हो, हो. फक्त थोडं उरलंय.” आणि झडपेला हात घालायचा. एकदा जिंकलेली फेरी घालवली त्यानं, वेग बघायच्या नादात वेळ मोडली. परत आला तो हसत. “दोनशे शहाण्णव! बघितलं का?”

मी म्हटलं, “हरलास की रे.”

“हो, ते झालं,” तो म्हणाला. “पण काका, तिथं सगळे कुणाबद्दल बोलतायत ते बघा ना.”

डब्यातून कॉफी काढून हायनरनं तिघांची ठेवली.

मग तो दिवस. पूर्वेकडं एक जुनं लष्करी विमानतळ आहे, तिथं शर्यती भरतात. हंगामाची शेवटची. हायनरला धाप लागत होती, तरी आला. मोकाशीनं खुर्ची धावपट्टीच्या जाळीला लागून मांडली, फळा समोर दिसेल अशी. पहिली फेरी जिंकली. दुसरी जिंकली. तिसरीत समोरच्याची गाडी लाल दिव्यावरच सुटली, ती बाद. दुपार होता होता आम्ही अंतिम फेरीत. हायनरच्या गाडीच्या जन्मात पहिल्यांदा. त्यानं खुर्चीतून माझ्याकडं बघून मूठ मिटली आणि हळूच वर केली. बंदरात आम्ही ही खूण करायचो, माल नीट लागलाय, उचल.

समोर एक डच बाई होती, मारेके नावाची. तिची गाडी चालूच होईना. तिची माणसं पळतायत, कुणी बॅटरी आणतंय. नियम असा की समोरचा वेळेत आला नाही तर आपण एकट्यानं उभं राहायचं, हिरव्या दिव्यावर सुटायचं, रेषेपर्यंत गेलं की झालं. चालत्या वेगानं गेलं तरी कप आपला.

सुटायच्या आधी मागची चाकं जागेवर फिरवून तापवतात. धुराचा डोंगर होतो आणि गाडी पुढं सरकते. मग तिला मागं आणून रबराच्या काळ्या पट्ट्यावर नेमकं उभं करायचं. आतल्याला मागचं दिसत नाही. समोर उभं राहून हातानं दाखवावं लागतं आणि ते काम माझं होतं. मी त्याला पट्ट्यावर आणला. धावपट्टी पुढं मोकळी पडली होती. दिवे लावणाऱ्यानं अंगठा दाखवला. मी जाळीकडं पाहिलं, तर हायनर खुर्ची सोडून उभा राहिला होता.

आणि मोकाशीनं इंजिन बंद केलं.

हात वर करून दिवेवाल्याला खूण केली. थांबा. तिला येऊ द्या. तो माणूस जवळ आला, म्हणाला, तुम्हाला थांबायची गरज नाही. मोकाशीनं मान हलवली. लाउडस्पीकरवाल्याला ते कळलं आणि त्यानं जाहीर केलं की हा ड्रायव्हर फुकटचा कप नाकारतोय, आणि मग काय, सगळं मैदान उभं. टाळ्या थांबेनात.

मी वाकून हेल्मेटजवळ तोंड नेलं. “काय चाललंय हे? सूट! हायनर उभा आहे तिकडं.”

“एकट्यानं तीनशे होत नाही, काका,” तो आतून म्हणाला. “एकटा असलो की पाय आपोआप उचलला जातो. पुढं कुणीतरी लागतं.”

मी हायनरकडं बघितलं. त्यानं हात वर केला होता, तळवा समोर, बोटं जुळलेली. लोकांना वाटलं, म्हातारा हात हलवून शाबासकी देतोय. लाउडस्पीकरवाला तसं बोललासुद्धा. पण ती आमची ‘थांब, हे करू नको’ म्हणायची खूण, आणि शेडमध्ये ती रोज चालायची, मोकाशीला ती पाठ होती. त्यानं ती पाहिली. माझ्या देखत पाहिली. मग मान वळवून मारेकेच्या गाडीकडं बघत बसला.

शेवटी तिची गाडी लागली. ती आली, त्याला हात जोडल्यासारखं केलं. दोघं उभी राहिली. हिरवा दिवा. ती सुटली आणि पुढं गेली. हायनरची गाडी मागं राहून खोकत होती. इतकी मागं की बघणाऱ्यांना वाटलं, बिघडली. मग झडप उघडली. तो आवाज छातीत शिरतो, कान झाकून उपयोग नाही. रेषेच्या तोंडाशी त्यानं तिला गाठलं आणि मागं टाकलं.

फळ्यावर आकडे आले. वेग तीनशे एक. वेळ आठ सेकंद अठ्ठ्याऐंशी, म्हणजे नेमलेल्या वेळेच्या आत. जिंकल्याचा दिवा मारेकेच्या बाजूला लागला.

मैदान तीनशे तीनशे म्हणून ओरडत होतं. मी जाळीपाशी गेलो. फळा हायनरच्या समोर होता, पण त्यानं माझ्याकडंच बघितलं आणि विचारलं, “जिंकलो?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यानं मान हलवली, पांघरुणाची घडी घातली आणि वाकून खुर्ची मिटायला लागला. मी पुढं झालो तर हात आडवा केला. खुर्ची काखेत मारून एकटाच व्हॅनकडं चालत गेला, मध्ये एकदा थांबून.

मोकाशी परत आला तो वेळेची छापील चिठ्ठी नाचवत. रडत होता आनंदानं. मारेकेनं त्याला मिठी मारली, लोकांनी फोटो काढले. दिवाळी अंकातला तो फोटो तेव्हाचाच. परत येताना तीन तास व्हॅनमध्ये हाच बोलत होता. हायनर एकदाच बोलला. पुढच्या फाट्यावर कॉफी बरी मिळते म्हणाला.

त्या थंडीत हायनर गेला.

वसंतात मोकाशीला दक्षिणेकडं बॉबलिंगेनला नोकरी लागली. मेघना सामानाबरोबर पुढं गेली होती. शेड रिकामी करायची म्हणून किल्ली माझ्याकडं होती. मी झाडत असताना हा आला, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं, तर ती चिठ्ठी. काचेच्या फ्रेममध्ये, सोनेरी पट्टी लावून. त्यानं फळीवरचा कॉफीचा डबा उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि तिथं फ्रेम टेकवली. दोन पावलं मागं सरून बघितलं.

“शेड सोडेपर्यंत राहू दे इथंच. हायनरचा हक्क आहे तिच्यावर,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “काका, त्यानं आकडा बघितला ना हो त्या दिवशी?”

“फळा त्याच्या समोरच होता.”

“मग? काय म्हणाला?”

“जिंकलो का, विचारलं.”

“आणि?”

“मी नाही म्हटलं.”

“आणि आकड्याबद्दल?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“खुर्ची मिटायला लागला.”

तो फळीकडं बघत राहिला. तोंड जरा उघडं होतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. माणसासारखं काहीतरी.

“धक्का बसला असेल त्याला,” तो शेवटी म्हणाला. “एवढा मोठा आकडा. आतून खूश असणार तो. हायनर काय, बोलायचा नाहीच कधी.” मग मला वाकून नमस्कार केला, पाठीवर थाप मारली आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

बागांमधून जाणारी गल्ली लांब आहे. तो अगदी सावकाश निघाला, कुंपणावर वाकलेल्या एका बाईला हात केला, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घातला. मी दारात झाडू धरून उभा होतो. वाटलं, आज नाही करणार. गल्लीच्या टोकाला, शेवटच्या कुंपणाशी गाडी जवळजवळ थांबली.

मग दाबलाच पाय. पक्षी उडाले झाडावरचे.

मी बाहेर थुंकलो आणि आत आलो. फ्रेम फोडावी असं मनात आलं, पण काचा मलाच वेचाव्या लागल्या असत्या. ती काढून कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवली. डबा जमिनीवरून उचलला, बुडाची धूळ बाहीनं पुसली आणि फळीवर ठेवला. आत कॉफी अजून अर्धी होती.